आफ्टर इफेक्ट्स: आकडा बदलून फाइल जुन्यात उघडत नाही
आफ्टर इफेक्ट्स या ॲडोबीच्या व्हिडिओ-इफेक्ट्स सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनची फाइल एईपीएक्स (प्रोजेक्ट फाइलचा एक्सएमएल, म्हणजे मजकुराच्या रूपातला प्रकार) म्हणून सेव्ह करा, नोटपॅडमध्ये व्हर्जनचा आकडा बदला की जुन्यात उघडते, हे वर्षानुवर्षं फिरतंय. नाही हो उघडत! ही युक्ती प्रीमियर या ॲडोबीच्याच व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची आहे, त्याची फाइल म्हणजे जीझिप केलेलं (दाबून लहान केलेलं) एक्सएमएल, ते उलगडलं की त्यात व्हर्जन नंबर सरळ दिसतो आणि तो बदलला की बऱ्याचदा काम होतं. आफ्टर इफेक्ट्सची नेहमीची फाइल, एईपी, मात्र बायनरी, म्हणजे नोटपॅडमध्ये वाचता न येणारी, आणि एईपीएक्स नावाला एक्सएमएल असली तरी आत बीडेटा म्हणून बायनरीच हेक्स आकड्यांमध्ये भरलेली असते. खरा उपाय नव्या व्हर्जनमध्येच आहे: फाइल मेनूत सेव्ह ॲज, तिथे जुन्या व्हर्जनसाठी कॉपी सेव्ह करायचा पर्याय. तो थोडाच मागे नेतो, अजून जुनं हवं तर मधलं व्हर्जन इन्स्टॉल करून तिथून पुन्हा तेच करायचं, आणि नवे फीचर्स वापरले असतील तर ते जुन्यात चालणार नाहीत.