अंगठ्याला फोकस, तर्जनीला शटर

कॅमेऱ्याच्या शटर बटणाला दोन पायऱ्या असतात. अर्धं दाबलं की आतला पहिला स्विच जुळतो, पूर्ण दाबलं की दुसरा. दुसऱ्याचं काम एकच, फोटो घेणं. पहिल्यावर मात्र कॅमेरा नवा असतानाच दोन कामं सोपवलेली असतात: फोकस लावायचा आणि प्रकाश मोजायचा. काय स्पष्ट दिसावं, किती उजेड यावा आणि नेमका कोणता क्षण टिपावा, हे तीन वेगळे निर्णय. पण ते एकाच बोटाच्या एकाच हालचालीत कोंबलेले. समोरचं काही हलत नसेल तर निभावतं. हलायला लागलं की तिन्ही एकमेकांच्या पायात येतात.

पाण्यावर झुकलेल्या फांदीवर खंड्या बसलाय असं समजा. सिंगल फोकस ठेवलात तर अर्धं बटण दाबताच फोकस जागच्या जागी अडकतो. खंड्या सूर मारतो आणि फोटोत फांदी तेवढी लख्ख येते. कंटिन्यूअस ठेवलात तर उडत्या पक्ष्याचा पाठलाग होईल, पण तो बसलेला असताना चौकटीच्या कडेला घ्यावा म्हणून कॅमेरा जरा वळवलात, की फोकसच्या बिंदूखाली मागची झाडी येते आणि कॅमेरा तिच्यावर जाऊन बसतो. दोन्हींच्या मधली अदलाबदल मेन्यूत जाऊन करेपर्यंत खंड्या मासा घेऊन गेलेला असतो.

यावरचा उपाय जुना आहे. कॅननने १९८९ साली ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात तो दिला आणि आज बदलत्या लेन्सच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो मिळतो. फोकस शटरवरून काढायचा, पाठीमागे अंगठ्याखाली येणाऱ्या बटणाला द्यायचा, आणि मोड कायम कंटिन्यूअस ठेवायचा. अंगठा दाबलेला असेपर्यंत पाठलाग. सोडला की फोकस तिथेच थांबला. दोन मोड एका अंगठ्यात आले आणि तर्जनी फक्त क्षणाची वाट पाहायला मोकळी झाली.

यात वाचतो तो वेळ. दिसलेल्या गोष्टीला हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. सेकंदाला ५ मीटर वेगाने धावणारा कुत्रा तेवढ्यात १ मीटर पुढे गेलेला असतो. त्यात व्ह्यूफाइंडरवरून नजर काढून बटण शोधायचं म्हटलं तर संपलंच. म्हणून बटण डोळ्यांनी नव्हे, बोटांनी सापडलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यानंतर फ्लॅपऐवजी, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांऐवजी, चाकंच आत घेत. दोन्हींचे खटके शेजारी आणि सारखेच होते. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपानिस यांनी एका खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसऱ्याला फ्लॅपच्या आकाराची, आणि चुका थांबल्या. कॅमेऱ्याची बटणं निवडताना मी हेच पाहतो: डोळे मिटून बोट फिरवल्यावर जे शेजारच्यापेक्षा वेगळं लागतं, त्यालाच महत्त्वाचं काम द्यायचं.

एक्स्पोजरसाठी, म्हणजे फोटोत किती उजेड यावा हे ठरवायला, फिरवायचा डायल बटणापेक्षा चांगला, कारण फिरवताना बोटाला लागणारे त्याचे खटके मोजता येतात. बहुतेक कॅमेऱ्यांत एक खटका म्हणजे एकतृतीयांश स्टॉप, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट. तीन खटक्यांत प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. आकडा वाचायची गरजच नाही. हे मोजणं कामी येतं, कारण कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पक्षी ओळखून प्रकाश ठरवत नाही. समोरच्या दृश्याची सरासरी करड्या छटेची असावी असं तो ढोबळपणे धरून चालतो. चौकट भरून बगळा असेल तर तो मळकट करडा येतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण केलेली दुरुस्ती, तीन-चार खटके अधिक. तोच बगळा गर्द झाडीसमोर लहानसा दिसत असेल तर उलट होतं: मीटर झाडी उजळायला जातो आणि पिसांचा तपशील जळून जातो, तिथे खटके उणे. म्हणून कॉम्पेन्सेशन सर्वांत हाताशी असलेल्या डायलवर हवं. आणि पक्षी आकाशासमोरून झाडीसमोर उडत गेला तरी त्याच्या अंगावरचं ऊन बदललेलं नसतं. अशा वेळी एक्स्पोजर आहे तिथेच धरून ठेवणारं एक्स्पोजर लॉकचं बटण अंगठ्याच्या टप्प्यात असेल तर मीटरची धांदल थांबते.

अंगठ्याच्या फोकसचा एक धोका मात्र सांगायलाच हवा. फोकस धरून ठेवता येतो म्हटल्यावर मध्यबिंदूने फोकस घेऊन कॅमेरा वळवायची सवय लागते. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/१.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं) आणि माणूस १ मीटरवर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ४ सेंटिमीटरचा. कॅमेरा १५ अंश वळवलात की फोकसचं प्रतल डोळ्यांच्या सुमारे ३.४ सेंटिमीटर मागे सरकतं, आणि डोळे धूसर येतात. इतक्या जवळून फोकसचा बिंदूच डोळ्यावर नेलेला बरा. त्यासाठी बऱ्याच कॅमेऱ्यांत पाठीमागे अंगठ्याने ढकलायची छोटी दांडी, जॉयस्टिक, असते. डोळे स्वतः ओळखणाऱ्या नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत माणसांचे फोटो घेताना फोकस शटरवर ठेवला तरी बिघडत नाही. पक्षी फांद्यांआड असेल आणि कॅमेरा सारखा पुढची काटकी पकडत असेल, तेव्हा मला अजूनही अंगठाच हवा असतो.

सगळी बटणं एका दिवसात बदलू नका. आधी फक्त फोकस हलवा, बोटाला त्याची सवय होऊ द्या, मगच डायलला हात घाला. मोड डायलवर स्वतःच्या सेटिंगसाठी राखीव जागा असेल तर त्यातल्या एकीत फोकस शटरवरच राहू द्या. कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात देताना तीच लावायची. नाहीतर ती व्यक्ती शटर दाबत राहते, फोकस जागचा हलत नाही, आणि तुम्ही ज्या एकाच फोटोत आहात तो पुसट येतो.