दोन कंट्री व्हिडिओ आणि एक चुकीचा हिशेब

अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा आणि वर्णभेदाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास हिशेब मांडतं. २०१९ मध्ये रॅपर लिल नास एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' काढून टाकलं, २०२३ मध्ये कंट्री गायक जेसन अल्डीनचं 'ट्राय दॅट इन अ स्मॉल टाउन' काढून टाकलं. एक काळा, एक गोरा, झाली फिट्टंफाट! सुशिक्षित, बरंच संगीत ऐकणारी माणसंही हे बिनदिक्कत बोलतात, आणि दर वेळी समजावून सांगायचा मला आता कंटाळा आलाय.

पहिलं गाणं माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. ३० डॉलरला विकत घेतलेला बीट, त्यात नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या जुन्या ट्रॅकमधला बँजो, मग गोरा कंट्री गायक बिली रे सायरसबरोबरचं रिमिक्स आणि गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्ड मासिकाच्या मुख्य यादीवर, हॉट १०० वर, सलग १९ आठवडे पहिला क्रमांक. एवढ्यावर पुढे जाऊ.

आधी कागदोपत्री फरक. मार्च २०१९ मध्ये बिलबोर्डने काढलं ते गाणं, आणि तेही 'हॉट कंट्री साँग्ज' या एका यादीतून. तिथे ते १९व्या क्रमांकावर आलं होतं. आजच्या कंट्री संगीताचे घटक त्यात पुरेसे नाहीत, असं कारण दिलं गेलं. तेव्हा कॅल्मॅटिकने दिग्दर्शित केलेला व्हिडिओ आलेलाच नव्हता, तो १७ मेला आला. त्याआधी लोक पाहत होते ती 'रेड डेड रिडेम्प्शन २' या गेममधली दृश्यं जोडून केलेली फीत. म्हणजे बिलबोर्डच्या निर्णयाचा या व्हिडिओशी काडीचाही संबंध नाही.

अल्डीनच्या बाबतीत नेमकं उलट. जुलै २०२३ मध्ये सीएमटी या कंट्री संगीताच्या केबल वाहिनीने थांबवला तो व्हिडिओ, त्यात वंशद्वेष असल्याचा आक्षेप घेतला गेल्यावर. गाणं रेडिओवर होतं, स्ट्रीमिंगवर होतं, यूट्यूबवर व्हिडिओसुद्धा होता, आणि थोड्याच दिवसांत ते हॉट १०० वर पहिलं आलं. हे त्याच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच घडलं. एकाला 'तू आमच्यातला नाहीस' असं सांगितलं गेलं, तर दुसऱ्याचं 'आमच्यातला' असणं कोणी क्षणभरही तपासलं नाही. या दोन गोष्टींची बेरीज-वजाबाकी कशी करणार?

पण लोक अडखळतात ते इथे नाही. अडखळतात ते पुढच्या वाक्यावर, जे खुद्द अल्डीननेही बचावात मांडलं: गाण्याच्या एकाही ओळीत वंशाचा उल्लेख नाही. हे शंभर टक्के खरं आहे. तसा तो 'ओल्ड टाउन रोड'च्या ओळींतही नाही. तिथे घोडा आहे, टोपी आहे, बूट आहेत. वंश दोन्हीकडे येतो तो व्हिडिओतून. तेव्हा व्हिडिओबद्दलच्या आक्षेपाला गाण्याचे शब्द पुढे करून उत्तर देता येत नाही.

आणि व्हिडिओ शेजारी-शेजारी ठेवले की कळतं, दोन्हींत एकच प्रसंग आहे. बाहेरचा माणूस छोट्या वस्तीत येतो आणि वस्तीतल्या माणसाकडे बंदूक असते.

'ओल्ड टाउन रोड'चा व्हिडिओ सुरू होतो १८८९ मध्ये. लिल नास एक्स आणि सायरस घोड्यांवरून पळताहेत, मागे विनोदी नट क्रिस रॉकने केलेला शेरीफ. एका घरापाशी ते थांबतात तेव्हा लिल नास एक्स बिचकतो. मागच्या वेळी इथे परक्यांचं स्वागत काही बरं झालं नव्हतं, अशा अर्थाचं बोलतो. सायरस त्याला धीर देतो की आता तू माझ्याबरोबर आहेस. एवढ्यात घरातून गोळ्या सुटतात. काळा काउबॉय भुयारात उडी मारतो आणि थेट २०१९ मधल्या काळ्या वस्तीत येऊन पडतो. सगळं विनोदी ढंगात चाललेलं असतं, पण तो धीर देणारा संवाद पुन्हा ऐका. गोऱ्या सोबत्याची हमी दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही. बिलबोर्डने काढलेल्या गाण्याला सायरसच्या आवाजाचा टेकू मिळाला होता, हे लक्षात ठेवून पाहिलं तर तो विनोद आणखी बोचतो.

अल्डीनच्या व्हिडिओत कॅमेरा बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला आहे. शहरात कोणी पोलिसावर थुंकतं, कोणी झेंडा जाळतं. आमच्या गावात हे करून दाखवा, आजोबांनी दिलेली बंदूक आहे माझ्याकडे, असा एकूण सूर. सोबत निदर्शनांची, जाळपोळीची दृश्यं. (त्यातली काही अमेरिकेतलीही नव्हती, कॅनडातली होती. आळशी संकलनाचा हा नमुना मला वेगळा खुपतो.) आणि या दृश्यांच्या मधे अल्डीन आपल्या बँडसह गातोय, रात्री, खांबांच्या मधे मोठा अमेरिकन झेंडा झळकत असलेल्या एका इमारतीसमोर.

ती इमारत म्हणजे टेनेसीतल्या कोलंबिया गावचं मॉरी काउंटी कोर्टहाउस. १९२७ मध्ये हेन्री चोट या १८ वर्षांच्या काळ्या मुलाला जमावाने तुरुंगातून ओढून बाहेर काढलं आणि याच कोर्टहाउसवर फाशी दिली. आरोप होता गोऱ्या मुलीवरच्या हल्ल्याचा, खटला झालाच नाही. १९४६ मध्ये रेडिओच्या दुरुस्तीवरून एका काळ्या आईचं आणि नौदलातून परतलेल्या तिच्या मुलाचं गोऱ्या दुकान-कर्मचाऱ्याशी भांडण झालं. संध्याकाळी याच चौकात गोरा जमाव जमला. काळ्या रहिवाशांनी आपली वस्ती शस्त्रं घेऊन राखली, तर शंभराहून अधिक काळ्यांना अटक झाली आणि त्यांतले दोघे कोठडीत मारले गेले. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झालेले थर्गुड मार्शल या आरोपींच्या वकिलांपैकी एक होते. २५ पैकी २३ आरोपी सुटले, आणि गाव सोडताना खुद्द मार्शलच जमावाच्या हाती लागता लागता वाचले.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तिथे तर कितीतरी चित्रीकरणं होतात. होतात. डिस्नेच्या 'हॅना मोंटाना' चित्रपटाचंही तिथे झालं होतं, आणि गंमत म्हणजे त्यात बिली रे सायरसच आहे! त्या चित्रपटावर कोणी बोट ठेवलं नाही, आणि त्यात काही विसंगत नाही. कोर्टहाउससमोर मुलीने गाणं म्हणणं वेगळं. गावकरी मिळून परक्याला कायद्याबाहेर धडा शिकवतील असं सांगणारं गाणं तिथे म्हणणं वेगळं, कारण गावकऱ्यांनी मिळून नेमकं हेच तिथे करून दाखवलंय. आक्षेप एकट्या जागेवर नाही, एकट्या शब्दांवरही नाही. त्या शब्दांना ती जागा दिली यावर आहे. अल्डीनला इतिहास माहीत नसेल, असंही म्हणतात. नसेल बुवा. पडद्यावर जे दिसतं ते त्याने बदलत नाही.

आणखी एक सवय माझ्या डोक्यात जाते: व्हिडिओत काळे चेहरे किती, हे मोजायचं आणि गुण द्यायचे. 'ओल्ड टाउन रोड'मध्ये ते भरपूर आहेत, पण व्हिडिओ चांगला आहे तो १८८९ या सालामुळे. पश्चिमेतल्या काउबॉयांपैकी साधारण चौथा काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि सिनेमाने तो चौथा माणूस कापून टाकला. कॅल्मॅटिक त्याला परत घोड्यावर बसवतो आणि मग त्याच्यावर गोळी झाडली जाते हेही दाखवतो. याला मी प्रतिनिधित्व म्हणेन. नायकामागे नाचणाऱ्या दहा जणांना म्हणणार नाही.

बाकीचे फरक किरकोळ. एकात ट्रॅप या हिप-हॉप शैलीचे ठोके, दुसऱ्यात रॉकच्या गिटारी. लिल नास एक्स स्वतःचं गाणं स्वतः लिहितो, अल्डीनचं गाणं चौघांनी लिहिलं आणि त्यांत तो नाही. 'ओल्ड टाउन रोड'ला सर्वोत्तम व्हिडिओचं ग्रॅमी मिळालं.

यादीचा प्रश्न तेवढा पुढे सरकलाय. २०२४ मध्ये शबूझी या काळ्या गायकाच्या 'अ बार साँग (टिप्सी)'ने हॉट १०० च्या पहिल्या क्रमांकावर १९ आठवडे काढून 'ओल्ड टाउन रोड'ची बरोबरी केली. त्यातही हिप-हॉप भरपूर आहे, पण या वेळी ते कंट्रीच्या यादीतून कोणी काढलं नाही आणि कंट्री रेडिओवरही ते पहिलं आलं. 'ओल्ड टाउन रोड' त्याच रेडिओच्या यादीत पन्नाशीच्या आसपासच घुटमळलं होतं.