शीड उलटं फुगतं तेव्हा

हिवाळ्यात हर्णै बंदरात गेलात तर नांगरलेल्या होड्यांचे बावटे जरूर बघा. पहाटे ते सुवर्णदुर्गाच्या, म्हणजे समुद्राच्या दिशेला फडफडतात. हा जमिनीवरून सुटलेला मतलई वारा. ऊन चढलं की वारा पडतो, बावटे लोंबतात. दुपारी पाहावं तर तेच बावटे गावाकडे वळलेले! एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४.२ ज्यूल उष्णता लागते, कोरड्या वाळूला जेमतेम ०.८. त्यामुळे किनारा आधी तापतो, त्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते. हा खारा वारा. इंजिनं नव्हती तेव्हा मतलईवर बाहेर पडायचं आणि खाऱ्या वाऱ्यावर घर गाठायचं, असा होड्यांचा क्रम असे.

हा बदल वेळेवर येतो, म्हणून त्याचा उपयोग होतो. भर समुद्रात अवचित वारा फिरला तर? त्या प्रसंगातूनच इंग्रजीला 'टेकन अबॅक' (taken aback), म्हणजे अनपेक्षित गोष्टीने गडबडून जाणं, हा वाक्प्रचार मिळाला.

युरोपीय जहाजांची मोठी शिडं चौकोनी, डोलकाठीच्या पुढच्या बाजूला आडव्या काठीवर टांगलेली. मागून वारा भरला की जहाज पुढे जाई. वारा एकाएकी समोरून आला, किंवा सुकाणूवरच्या माणसाची चूक झाली, की तेच शीड डोलकाठीवर चेपलं जाई. जहाज जागीच अडखळे, कधी मागे सरे, आणि मागे सरताना सुकाणूही उलटं काम करी. डोलकाठीला ताणून धरणारे दोर बहुतेक मागे आणि बाजूला बांधलेले, कारण जोर मागूनच यायचा हे गृहीत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. समोरून आलेल्या अशा झोतात डोलकाठी मोडूही शके.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द माणसांना लागू झाला. वाढदिवसाच्या गोड आश्चर्याला तो सहसा शोभत नाही. आपल्या तंद्रीत चाललेल्या माणसाला कुणी अनपेक्षित, बहुधा खटकणारं काही बोलावं आणि त्याला क्षणभर उत्तरच सुचू नये, तेव्हा तो वापरावा. 'थक्क झालो'पेक्षा मला इथे 'चाट पडलो' जवळचं वाटतं.

गंमत म्हणजे जहाज थांबवायला खलाशी मुद्दामही शिडं उलटी धरत. पण त्याला 'टेकन' म्हणत नसत. हा शब्द वाऱ्याने जहाजाला गाठलं तरच. म्हणून आजही इंग्रजीत माणूस स्वतःहून 'अबॅक' होत नाही, त्याला कुणीतरी तसं करावं लागतं.