१२८ बाइटांत मावलेलं जग

अटारीचं व्हीसीएस हे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र १९७७ साली बाजारात आलं. त्याची रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, होती अवघी १२८ बाइट. युनिकोडच्या आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे त्या रॅममध्ये हे वाक्यसुद्धा मावणार नाही. त्याच यंत्रावर अटारीतल्या वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरनं 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ उभा केला. ३० खोल्या, तीन किल्ले, ड्रॅगन, तलवार आणि एक चोरटं वटवाघूळ, सगळं ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीत! त्या काळी आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या, बहुतेक खेळांचं जग एका पडद्यातच संपायचं.

या यंत्रात आख्खं चित्र साठवायला जागाच नव्हती. त्या काळच्या टीव्हीच्या नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली एकेक आडवी रेघ ओढत जाई. तो पुढे सरकत असतानाच प्रोग्रामनं चित्राच्या चिपला 'आता हे दाखव' असं सांगायचं. एका रेघेला प्रोसेसरचे ७६ ठोके मिळायचे आणि साध्यातल्या साध्या आज्ञेलाही २ ठोके लागायचे. ड्रॅगन कुठे सरकला, तलवार लागली का, हा हिशेब झोत तळाशी पोहोचून पुन्हा वर येईपर्यंत उरकायचा.

चिपला भिंतींचा अर्धाच नकाशा ठाऊक असे, उरलेला अर्धा ती आरशातल्यासारखा उमटवी. किल्ले दोन्हीकडून सारखे दिसतात ते त्यामुळेच. नक्षीदार आकृत्या एका वेळी दोनच काढता येत. या आकृत्या वस्तूंसाठी राखल्यामुळे नायकाच्या वाट्याला साधा चौकोन आला. तिसरी वस्तू खोलीत आली की त्या आळीपाळीनं दाखवाव्या लागत, म्हणून लुकलुकत.

पण मला सगळ्यात भावते ती वस्तूंची नोंद. प्रत्येक फिरत्या वस्तूची जागा तीनच बाइटांत: खोली कोणती, आडवं अंतर किती, उभं किती. पडद्यावर नसलेल्या खोल्यांतही हे आकडे बदलत राहतात. तुम्ही चक्रव्यूहात वाट शोधत असता, तेव्हा वटवाघूळ भलत्याच किल्ल्यातून तुमची तलवार घेऊन उडत असतं. कधी तर जिवंत ड्रॅगनच उचलून आणतं!

अटारी तेव्हा खेळ करणाऱ्यांची नावं छापत नसे. रॉबिनेटनं काळ्या किल्ल्याच्या भुयारात एका पिक्सेलचा करडा ठिपका ठेवला, अगदी जमिनीच्याच रंगाचा. तो उचलून इतर वस्तूंसोबत एका ठरावीक भिंतीपाशी नेला की भिंत वाट देते, आणि पलीकडच्या खोलीत त्याचं नाव झळकत असतं.