ऑर्क : उत्पत्ती व प्रेरणा यांविषयीचा वाद

इंग्रज लेखक व भाषाशास्त्रज्ञ जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या ‘मिडल-अर्थ’ या कल्पित जगातील एक युद्धखोर जमात. ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) ती बहुधा ‘गॉब्लिन’ या नावाने येते, तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४–५५) खलनायक साउरॉनची फौज म्हणून. हे जीव मुळात कोण, आणि ते लढतात कशासाठी, यावर टोल्किनप्रेमी वाचकांत अनेक दशके वाद चालू आहे. खुद्द टोल्किन यांनीही या प्रश्नाचे उत्तर वारंवार बदलले. त्यामुळे हा वाद चाहत्यांचा निव्वळ विरंगुळा मानता येत नाही.

सर्वांत जुन्या लेखनात (सु. १९१६–१७) मेल्कोर, म्हणजे पुढचा मॉर्गॉथ (या विश्वातील आद्य दुष्ट शक्ती), भूगर्भातील उष्णता व चिखल यांपासून ऑर्क घडवतो. हे मत पुढे मागे पडले. टोल्किन यांच्या विश्वात स्वतंत्र इच्छा असलेला जीव निर्माण करणे केवळ ईश्वराला, ईरूला, शक्य आहे. आउले या देवतेने बुटके (ड्वार्फ) घडवले, पण त्यांना स्वतःचे जीवित लाभले ते ईरूच्या कृपेने. दुष्टाला नवे काही निर्माण करता येत नाही, त्याला फक्त असलेले विकृत करता येते, असे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक फ्रोडो आपला साथीदार सॅम याला सांगतो.

मग विकृत केले ते कोणाला? टोल्किन यांच्या मृत्यूनंतर पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादित केलेल्या ‘द सिल्मरिलियन’नुसार (१९७७) मेल्कोरने पकडून नेलेल्या एल्फांना (माणसांसारख्या दिसणाऱ्या अमर जमातीला). हेच मत सर्वाधिक रूढ आहे. मात्र तेथेही ते ‘एरेसेआच्या (एल्फांच्या बेटावरील) ज्ञानी जनांचे मत’ म्हणून दिलेले आहे, निवेदकाचे निःसंदिग्ध विधान म्हणून नव्हे. वादात हा बारकावा बहुधा सुटतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनची टिपणे ‘मॉर्गॉथ्स रिंग’मध्ये (१९९३) प्रसिद्ध झाली. त्यांत ऑर्क म्हणजे बोलायला शिकवलेले पशू, किंवा काही ऑर्क म्हणजे देहधारी दुय्यम देवता (माइआ), अशाही शक्यता तपासलेल्या दिसतात. वडिलांचे अखेरचे मत मानवी उत्पत्तीकडे झुकले असावे, असे ख्रिस्तोफर यांनी नोंदवले आहे. अडचण कालगणनेची होती, कारण प्रचलित कथेत माणसे जागी होण्याआधीच ऑर्क अस्तित्वात होते. त्यासाठी मानवाचा उदय मागे नेण्याचा विचारही टोल्किन यांनी केला. उपलब्ध टिपणांचा एकत्रित विचार करता मानवी उत्पत्तीचे मत अधिक ग्राह्य वाटते. एल्फ अमर, तर ऑर्क मर्त्य व अल्पायुषी, ही विसंगती त्यामुळे टळते.

अल्पायुषित्वाच्या विरोधात एल्फ-उत्पत्ती मानणारे बोल्ग या ऑर्कचे उदाहरण देतात आणि ते खरोखर अवघड आहे. बोल्गचा बाप अझॉग कथेतील तिसऱ्या युगाच्या २७९९ व्या वर्षी मारला गेला, तर बोल्ग २९४१ च्या, ‘द हॉबिट’मधील पाच सैन्यांच्या लढाईत ऑर्कांचा सेनापती आहे. म्हणजे त्या वेळी त्याचे वय किमान १४२ च्या आसपास असले पाहिजे.

प्रेरणांविषयी मूळ कथेतील पुरावा तुटपुंजा, पण बोलका आहे. साउरॉनच्या मुलखाच्या सीमेवरील किरिथ उंगोल या खिंडीजवळ शॅग्रॅट व गॉरबॅग हे दोन ऑर्क सरदार वरिष्ठांबद्दल कुरकुरतात आणि युद्ध संपल्यावर काही भरवशाचे गडी घेऊन, कोणीही मोठा साहेब नसलेल्या ठिकाणी निसटण्याचे बेत करतात. जखमी साथीदाराला टाकून जाणे हे खास एल्फांचे लक्षण, असेही त्यांच्या तोंडी येते. निष्ठा व विश्वासघात यांतला फरक त्यांना कळतो, फक्त तो स्वतःला लावता येत नाही, या अंगाने टोल्किन-अभ्यासक टॉम शिपी यांनी याची चर्चा केली आहे. याउलट, साउरॉनच्या सामर्थ्याचा आधार असलेली मुद्रिका नष्ट होताच साउरॉनचे ऑर्क दिशाहीन होऊन धावत सुटतात, काही आत्मघात करतात. त्यावरून त्यांची इच्छा परक्याच्या ताब्यात होती असे मानणाराही पक्ष आहे. १९५४ च्या एका पत्राच्या मसुद्यात टोल्किन त्यांना ‘उद्धारापलीकडचे’ म्हणता म्हणता थांबतात.

पीटर जॅक्सन यांच्या २००१ च्या चित्रपटात दुष्ट झालेला जादूगार सारुमान एल्फ-मताचाच उच्चार करतो, तर त्याचे उरुक-हाइ (बलाढ्य ऑर्क) चिखलातून बाहेर काढलेले दाखवले आहेत.