लावलेले केस आणि पहिल्या दहा रात्री

केशरोपण करून, म्हणजे टकलावर स्वतःचेच केस लावून, घरी आलेल्या माणसाला दिवसा फारसा त्रास नसतो. पडवीत बसायचं, मोबाइल बघायचा, डोक्याच्या मागच्या बाजूला ओढल्यासारखं होतं ते सोसायचं, एवढंच. खरी पंचाईत रात्री जेवणं आटपल्यावर होते. डोकं टेकायचं कुठे? पुढे नवे लावलेले केस, मागे जिथून काढले तिथली जखम. कुशीवर वळलं तर एक बाजू उशीला घासणार. पालथं झोपण्याचा तर विचारही करायला नको.

हातात डॉक्टरांनी दिलेला कागद असतो. डोकं उंच ठेवून झोपा, काही घासू देऊ नका, खाजवू नका. हे का करायचं, ते कागदावर सहसा नसतं. त्यामुळे काही जण दुसऱ्याच रात्री कंटाळून सपाट आडवे होतात आणि काही जण महिनाभर खुर्चीत बसून मान आखडून घेतात. या सूचनांमागे दोन वेगवेगळी कारणं आहेत. डोकं उंच ठेवायचं ते सुजेसाठी, घासू द्यायचं नाही ते लावलेल्या मुळांसाठी. दोन्हींची मुदतही वेगळी आहे, आणि ती समजली की निम्मी धास्ती जाते.

आधी मुळांचं बघू. डोक्याच्या मागच्या भागातले केस मुळांसकट काढतात आणि पुढे किंवा टाळूवर बारीक चिरा पाडून त्यांत बसवतात. अशा एकेका पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात. त्यात एक ते चार केस असतात, आणि तो काढायच्या पंचचा, म्हणजे गोल पात्याच्या नळीसारख्या हत्याराचा, व्यास जेमतेम एक मिलिमीटर. मागचेच केस घेतात, कारण पुढच्या आणि टाळूवरच्या मुळांवर डीएचटी या हार्मोनचा परिणाम होऊन ती बारीक होत जातात, मागच्या बहुतेक मुळांना त्याची बाधा होत नाही. शिवाय जागा बदलली तरी मुळाचा स्वभाव बदलत नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये पुरुषांच्या टकलावर असं रोपण सुरू केलं आणि १९५९ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्याआधी १९३९ मध्येच जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी पंचने केस काढून लावण्याची पद्धत लिहून ठेवली होती. पुढे महायुद्ध पेटलं आणि पाश्चात्त्य जगाला तिचा पत्ता लागायला बरीच वर्षं गेली.

काढलेल्या मुळाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी पहिले दोन-तीन दिवस ते आजूबाजूला पाझरणाऱ्या द्रवातून प्राणवायू आणि पोषण घेत तग धरतं. त्याला धरून ठेवणारी गोष्ट एकच, रक्त गोठताना तयार होणारं फायब्रिनचं जाळं. आषाढात नुकतंच लावलेलं भाताचं रोप चिखलात उभं दिसतं, पण चिमटीत धरून ओढलं तर अलगद हातात येतं, तशी ही अवस्था. मग हळूहळू आजूबाजूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मुळाशी जोडल्या जातात, चीर भरून येते आणि मूळ पक्कं बसतं.

याला नेमका किती वेळ लागतो? रॉबर्ट बर्नस्टीन आणि विल्यम रॅसमन या अमेरिकी डॉक्टरांनी ते चक्क ओढून पाहिलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, लावलेले केस वेगवेगळ्या दिवशी ओढल्यावर ग्राफ्ट निघतो का, याची नोंद आहे. पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे निघाले. सहाव्या दिवसानंतर नुसता केस ओढून ग्राफ्ट निघेना. खपली धरून ओढली तर मात्र धोका आणखी काही दिवस राहिला. नवव्या दिवसानंतर कशानेच ग्राफ्ट सुटला नाही. दहा दिवस सांभाळा, असं डॉक्टर सांगतात त्याचा आधार असा आहे.

खपलीचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण झोपेतली गडबड तिथेच होते. पहिल्या एक-दोन रात्री मागच्या जखमेतून थोडा पाझर येतो. तो उशीच्या अभ्र्याला लागतो, पहाटेपर्यंत वाळतो आणि डोकं अभ्र्याला चिकटतं. झोपेतून उठताना माणूस सवयीने मान झटकन उचलतो. असं चिकटल्याचं जाणवलं तर ओढू नये. कोणाला तरी हाक मारून त्या जागी सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, शिंपडायला सांगावं, मऊ झालं की कापड आपोआप सुटतं. पुढचा भाग कशालाच टेकला नाही तर तिथे हा प्रश्न येत नाही. तेवढ्याचसाठी पाठीवर झोपायचं.

आता सूज. रोपण करताना डोक्याच्या कातडीखाली सलाइन, बधिर करायचं औषध आणि ॲड्रेनालिन यांचं मिश्रण भरपूर टोचलेलं असतं. हे पाणी आणि जखमेची नैसर्गिक सूज मिळून दुसऱ्या ते चौथ्या दिवसात कपाळावर उतरते, कधी पापण्यांपर्यंत पोचते. तिसऱ्या दिवशी आरशात बघून भलेभले दचकतात. घरचे तर ‘काहीतरी बिघडलं’ म्हणून मोकळे होतात. एरवी ती आठवड्याभरात ओसरते. डोकं छातीपेक्षा उंच असलं की डोक्यातल्या शिरांमधला दाब कमी राहतो आणि साचलेलं पाणी लवकर निघून जातं. म्हणून तीस ते पंचेचाळीस अंशांवर टेकून झोपायचं. हे साधारण पहिल्या चार-पाच रात्रींचं काम, फार तर आठवड्याचं. खाली वाकलं की सूज तोंडावर लवकर येते, म्हणून देवापुढे साष्टांग नमस्कारही तेवढे दिवस राहू द्यावा. कपाळावर कापडात गुंडाळलेला बर्फ चालतो, लावलेल्या केसांवर नाही. सूज एकाच बाजूला, लाल, गरम आणि ठणकणारी असेल, पू किंवा ताप असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा.

टेकायची सोय कशी करायची? नुसत्या दोन-तीन उशा डोक्याखाली रचल्या की मान पुढे मोडते आणि घोरणं वाढतं. उतार कमरेपासून हवा. गादीखाली वरच्या अंगाला घड्या घातलेल्या गोधड्या सरकवल्या तर छान उतार मिळतो. वर मानेभोवती प्रवासात वापरतात ती अर्धगोल उशी घ्यावी. ती मानेला आधार देते, जखम अधांतरी ठेवते आणि डोकं बाजूला लवंडू देत नाही. दोन्ही कुशींना एकेक लोड लावला की झोपेत वळणंही थांबतं. पडवीतली लाकडी आरामखुर्ची पाठीला बरोबर कोनात धरते, पण तिच्या वरच्या दांडीवर नेमकी मागची जखम टेकते, तेव्हा तिथेही मानेची उशी हवीच.

कोकणात आणखी दोन गोष्टी आडव्या येतात, ज्या शहरातल्या दवाखान्याच्या कागदावर सापडणार नाहीत. एक मच्छरदाणी. आत शिरताना आपण पहिलं डोकं घालतो आणि जाळीची कड कपाळापासून मागे घासत जाते, म्हणजे नेमकी जिथे घासायला नको तिथून. दुसऱ्या कोणीतरी कड उंच धरावी आणि आपण पाठमोरं आत बसावं. उतारावर टेकल्यावर वरची जाळी डोक्याला लागत नाही ना, तेही झोपण्याआधी बघून घ्यावं. सैल पडली असेल तर दोऱ्या ताणून बांधाव्यात. दुसरी गोष्ट जुन्या घरांची ठेंगणी दारं. रात्री उठून माजघरातून परसाकडे जाताना चौकटीला डोकं आपटलं तर सवय म्हणून एरवी कोणी लक्ष देत नाही. आता मात्र टाळू बधिर असते, पुढचे काही आठवडे, कधी काही महिनेही. आपटलेलं नीट कळतही नाही. दिवा लावून, वाकून, सावकाश जावं. आपटलंच आणि एखादा ग्राफ्ट सुटला तर तिथून रक्ताचा थेंब येतो. स्वच्छ गॉझने हलकं दाबून धरावं आणि डॉक्टरांना कळवावं.

उकाड्यात घाम येतो आणि दमट हवेत तो वाळत नाही. घामाने खाज सुटते, जखम भरतानाही सुटतेच, आणि झोपेत हात डोक्याकडे जातो. नखं आधीच कापून टाकावीत, निजताना सलाइनचा फवारा मारावा, पंखा बेताचा ठेवावा. माझं मत विचाराल तर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने या कामाला बरे. शिमग्याच्या तोंडावर तर कोणी केस लावून गावी येऊच नये. गुलालातून आणि पालखी नाचवणाऱ्यांच्या गर्दीतून डोकं वाचवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

प्रवासाचाही विचार आधी करायला हवा. मुंबई-पुण्याला किंवा कोल्हापूरला रोपण करून त्याच रात्री गाडीत बसणं शहाणपणाचं नाही. रेल्वेत मधला बर्थ घेतला तर वर डोकं आपटायची खात्रीच. हेल्मेट काढताना-घालताना पुढून मागे घासतं, आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवणं हा काही त्यावरचा उपाय नाही. दुचाकीच बाजूला ठेवावी. समुद्रात डुंबणं महिनाभर बंद. खाऱ्या पाण्याने जखम बरी होते असं आपल्याकडे म्हणतात, पण किनाऱ्यावरच्या पाण्यात मीठ असतं तसे जंतूही असतात.

दारू काही दिवस नको, आणि झोप लागत नाही म्हणून मनाने झोपेची गोळी तर अजिबात नको, विशेषतः घोरणाऱ्यांनी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांना नेमक्या त्याच हव्या असतात. सिगारेट सोडली म्हणून तंबाखूचा बार भरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद किंवा सुरू करू नयेत. राहिलं तेल. ‘अरे, कोरडं डोकं घेऊन काय बसलायस, खोबरेल चोळून देते ये,’ असं आजी म्हणणारच. तिला सांगावं, निदान दहा दिवस थांब. खपल्या गेल्यावर डॉक्टर परवानगी देतील, पण चोळायचं नाही.

रोपण कोणी करावं, याबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सूचना काढल्या आहेत. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून मिळालेलं ज्ञान पुरेसं प्रशिक्षण ठरत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. दर विचारतानाच रात्री फोन कोण उचलणार, हेही विचारून ठेवावं.

दहा दिवस गेले, झोप पूर्ववत झाली, आणि दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान लावलेले केस गळू लागतात. इथे पुन्हा घाबरगुंडी. गळतो तो केसाचा दांडा. मूळ कातडीखाली शाबूत असतं आणि विश्रांतीच्या अवस्थेत गेलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस डोकावतात, आधी बारीक आणि वेडेवाकडे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे खरा निकाल दिसायला वर्ष लागतं, टाळूवर त्याहून जास्त. वैशाखात लग्न असेल तर आदल्या वैशाखापर्यंत हे उरकलेलं बरं. मूळचे, न लावलेले केस मात्र आपल्या गतीने विरळ होत राहतात. मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड ही केस विरळ होणं रोखायची औषधं चालू ठेवायची का, ते त्यासाठी विचारायचं असतं. आणि पहिल्यांदा केस कापायला बसताना, मागे कुठून केस काढले आहेत ते कारागिराला दाखवावं. कात्री साधारण महिन्याभराने चालते. मशीन किंवा वस्तरा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू देऊ नये.