मिक्सिंगपासून व्ह्यूजपर्यंत : सीमाभागातल्या व्हिडिओ-कामाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२४ मध्ये 'मिस्टरबीस्ट' या नावाने यूट्यूब गाजवणाऱ्या जिमी डोनाल्डसन यांच्या कंपनीतली छत्तीस पानी पुस्तिका बाहेर फुटली. कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेत माणसांचे ए, बी आणि सी असे वर्ग पाडले होते, आणि 'सी' वर्गातल्याला लगेच नारळ द्यावा असं सरळ म्हटलं होतं. त्याच महिन्यात 'बीस्ट गेम्स' या त्यांच्या स्पर्धेतल्या पाच जणांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा लावला. पुरेसं खाणं नाही, विश्रांती नाही, किमान वेतन नाही, लैंगिक छळाला मोकळं रान, असे त्यांचे आरोप होते. प्रकरण फुगवून सांगितलं जातंय, असं डोनाल्डसन यांचं म्हणणं.

बेळगाव, खानापूर, निपाणीत रीलं कापत बसणाऱ्या पोरांचा या अमेरिकी कंपनीशी काही संबंध नाही. पण त्यांच्यावर येणारा दाब त्याच यूट्यूबच्या मोजणीतून येतो, आणि तो कुणा एकाच्या तापट स्वभावातून आलेला नाही.

यूट्यूब २००५ साली सुरू झालं, पुढच्याच वर्षी गुगलने ते विकत घेतलं. सुरुवातीला मोजणी होती ती किती जणांनी व्हिडिओ उघडला याची. २०१२ पासून लोक किती वेळ बघत राहतात याला महत्त्व आलं. तेव्हापासून पहिले काही सेकंद, थंबनेल म्हणजे व्हिडिओवरचं मुखचित्र आणि रोजचा अपलोड यांवरच चॅनेल जगू लागलं. रात्रभर बसा असा हुकूम यूट्यूब कुणाला देत नाही. व्ह्यूज पडले की नुकसान चॅनेलवाल्याचं होतं, आणि तो ते एडिटरच्या माथी मारतो.

आपल्याकडे व्हिडिओचं काम आलं ते लग्नांतून. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू व्हायचा. अक्षता पडल्यापासून वरात घरी पोचेपर्यंत शूटिंगवाला उभाच असायचा, तेही कष्टाचंच होतं. पण 'मिक्सिंग', म्हणजे तेव्हाचं एडिटिंग, करून कॅसेट द्यायला त्याला दिवस मिळायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स या छोट्या व्हिडिओंची पहिली चाचणी भारतातच घेतली. आता नवरा-नवरी हॉलमधून निघायच्या आत रील हवी असते. बेळगावात वैशाखात निघणारी शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्र उलटून जाईपर्यंत चालते. ती लाइव्ह दाखवणाऱ्या मुलाने सकाळी तिचेच तुकडे कापून द्यायचे. पैसे रीलमागे. गिऱ्हाइकाने चार वेळा बदल सांगितले तरी रील एकच धरायची.

ही नगावरची मजुरी सीमाभागाला नवी नाही. निपाणीच्या बायकांनी हजार विड्यांच्या हिशेबाने संसार चालवले आहेत. तंबाखूच्या वखारींत तर उग्र झणका आणि धूळ छातीत घेत, मालक-मुकादमाची शिवीगाळ आणि वाईट नजर सोसत काम चालायचं. जगायचं तर सोसायलाच हवं, ही समजूत तिथे घट्ट होती. ती मोडली ती त्याच बायकांनी. ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर हजारो जणी संघटित झाल्या, संपावर गेल्या. त्यांच्यावर १९८२ साली 'युगांतर' या स्त्रीवादी चित्रपट गटाने माहितीपट केला. गटाने आधी या बायकांमध्ये राहून त्यांचं म्हणणं ऐकलं. काय दाखवायचं ते त्यांच्याशी बोलून ठरलं. कॅमेरा चालवताना समोरच्या माणसाला वेळ आणि मान देता येतो, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलेलं आहे. आजच्या चॅनेलवाल्यांना ते ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, आणि घरी बसून विड्या वळणारी बाईही त्यात कामगार ठरली. ही मोठी गोष्ट होती. एडिटिंग करणारा मुलगाही घरीच, स्वतःच्या लॅपटॉपवर, नगावर काम करतो; त्याला मात्र सगळे 'फ्रीलान्सर' म्हणून मोकळे होतात. त्याच्या हातात साधा कागदही नसतो.

१९८१ च्या सिने कामगार कायद्याने लेखी करार सक्तीचा केला, पण तो चित्रपटांपुरता. डिजिटल निर्मितीचं नाव कायद्यात आलं ते २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, 'दृकश्राव्य कामगार' या व्याख्येसोबत, आणि ती संहिता लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. तिच्यातही आस्थापना धरली जाते ती दहा किंवा अधिक कामगार असतील तरच. लग्नाची रीलं कापणारे आपल्याकडचे स्टुडिओ बहुधा दोघा-चौघांचे असतात.